वारा बघून निघावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे दरवर्षी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या शिक्षणावर बोलते. यंदा कार्यकारिणीने माझ्याकडे सहलीचा विषय दिला आहे. आपल्या मंडळाच्या सहली आजवर पंढरपूर, शेगाव, औंढा नागनाथ, वेरूळ अशा झाल्या. यंदाच्या बैठकीत मी सुचवले की, आपण समुद्र पाहावा. आणि नुसता काठावर उभे राहून नव्हे, तर शिडाच्या होडीत बसून पाहावा. जिने सुचवले तिनेच आराखडा मांडावा हा आपला रिवाज आहे, म्हणून मी आज आपल्यापुढे उभी आहे.

बैठकीत तीन आक्षेप निघाले. पहिला, संसाराच्या बायकांना असली हौस कशाला? दुसरा, समुद्र म्हणजे जिवाशी खेळ. तिसरा, पैसा. तिन्ही आक्षेप रास्त आहेत. त्यांची उत्तरे हवेत न देता, सहल कशी आखावयाची हेच मी क्रमाने सांगते. आराखडा ऐकून झाला की आपले मत आपणच ठरवावे.

ही कल्पना मनात आली ती माझ्या भाचीमुळे. ती जर्मनीत असते. तिकडच्या तीन मराठी कुटुंबांनी मिळून एका उन्हाळ्यात भूमध्य समुद्रावर आठ दिवस शिडाची नौका भाड्याने घेतली होती. भूमध्य समुद्राचा एक फाटा इटली आणि क्रोएशिया या देशांच्या मध्ये शिरलेला आहे. त्याला एड्रियाटिक समुद्र म्हणतात. त्या काठावर स्प्लिट नावाचे बंदर आहे, आणि समोर ब्राच, ह्वार अशी बेटे आहेत. या बंदरांतून नौका आठवड्याच्या बोलीने मिळतात. शनिवारी संध्याकाळी ताबा घ्यावयाचा आणि पुढच्या शनिवारी सकाळी परत द्यावयाची, अशी तिकडची बहुतेक रीत. नौकेत झोपण्याच्या तीन-चार लहान खोल्या, एक मोरी आणि एक स्वयंपाकाचा कोपरा. ज्याच्याजवळ नौका चालवण्याचा परवाना आहे त्याला ती नुसती मिळते. नसेल तर पगारी तांडेल घ्यावा लागतो, आणि त्याच्या जेवणाची सोय भाडेकऱ्यांनी करावयाची. मोडतोड झाली तर भरून घेण्यासाठी अनामत रक्कम आधीच ठेवून घेतात.

तिच्या सांगण्यात मला सर्वांत गंमत वाटली ती शेगडीची. नौकेवरची शेगडी दोन बाजूंच्या दोन खुंट्यांवर टांगलेली असते. नौका कलली तरी शेगडी पाळण्यासारखी झुलते आणि सपाटच राहते, म्हणून पातेल्यातली खिचडी सांडत नाही. पाणी टाकीत असेल तेवढेच. पुढचे बंदर येईपर्यंत त्यातच भागवावयाचे. हे ऐकून मी तिला म्हटले, "अगं, मोजून पाणी वापरणे आम्हांला कोणी शिकवायला नको. मराठवाड्यातल्या बाईला नौकेवर नेऊन बसव, ती दोन दिवस जास्त काढून दाखवील."

पण तिच्या बोलण्यातली खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच होती. तिने सांगितले, "मावशी, आम्ही कागदावर सात दिवसांची सात गावे लिहून नेली होती. तांडेलाने कागद पाहिला, हसला, आणि म्हणाला, आधी वारा काय म्हणतो ते पाहू." तिकडे बोरा नावाचा एक वारा आहे. तो डोंगरावरून एकाएकी समुद्रावर कोसळतो. तो सुटणार असा अंदाज आला की नौका बंदरातून हलत नाही, मग भाडे किती का भरलेले असेना. सातांपैकी दोन दिवस ते बंदरातच बसून राहिले.

भगिनींनो, आजच्या भाषणात मला एवढेच सांगावयाचे आहे. समुद्रावरची सहल आपल्या सोयीने आखता येत नाही. ती वाऱ्याच्या आणि पाण्याच्या सोयीने आखावी लागते. ज्याला हे पटले त्याची हौस पुरी होते, आणि ज्याला पटले नाही त्याच्या हौसेचा घात होतो.

आपल्याला क्रोएशियाला जावयाचे नाही. तेवढा पैसा आपल्याजवळ नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्याच महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब समुद्रकिनारा आहे, आणि शिडाच्या होडीत बसवून समुद्रातल्या किल्ल्यात नेण्याची चाल रायगड जिल्ह्यात मुरुडजवळ राजपुरी येथे आहे. तो किल्ला म्हणजे जंजिरा. शिवाजी महाराजांनी तो घेण्याचा प्रयत्न केला, संभाजी महाराजांनी केला, पण जंजिरा सिद्दींकडेच राहिला. १९४८ मध्ये ते संस्थान भारतात विलीन झाले. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी जवळच समुद्रात पद्मदुर्ग उभारला, तोही किनाऱ्यावरून दिसतो. जंजिऱ्याचा दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण अगदी जवळ जाईपर्यंत तो नजरेला पडत नाही. आत कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ आहे. आणि आपल्यासारख्यांनी मुद्दाम पाहावे असे म्हणजे, चहूकडे खारे पाणी असताना किल्ल्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तळे आहे.

आता वारा. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात मतलई वारे आणि खारे वारे असा धडा होता. मी तो पाठ केला, सातवी झाली, शाळा सुटली, आणि ते वारे पुस्तकातच राहिले. या सहलीचा आराखडा करताना तो धडा कामाला आला. चुलीवरचा तवा चटकन तापतो आणि चटकन निवतो. पाण्याचा हंडा उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. जमीन तव्यासारखी आहे, समुद्र हंड्यासारखा. दिवसा जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिच्या जागी येते. हा खारा वारा. रात्री जमीन आधी निवते, तेव्हा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांत कोकणात हा क्रम चालतो. पहाटेपासून सकाळपर्यंत मतलई, दुपारी खारा.

राजपुरीचा धक्का जमिनीच्या बाजूला, आणि किल्ला त्याच्या पश्चिमेस समुद्रात. म्हणजे सकाळी निघालो तर मतलई वारा शिडात भरून आपल्याला किल्ल्याकडे नेतो, आणि किल्ला पाहून दुपारच्या सुमारास परत फिरलो तर खारा वारा आपल्याला धक्क्यावर आणून सोडतो. सासरी पोहोचवणारा वारा वेगळा आणि माहेरी आणणारा वेगळा. मात्र जी मंडळी दुपारी निघतात त्यांना जाताना वारा समोरून घ्यावा लागतो. मग होडीला आडवेतिडवे वळत जावे लागते, वेळ लागतो आणि हेलकावेही जास्त बसतात. म्हणून आपले निघणे सकाळचेच ठरवले आहे.

वाऱ्यानंतर पाणी. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी फार थोडी. पुष्कळ ठिकाणी पाणी फूटभरसुद्धा चढत-उतरत नाही, म्हणून तिकडच्या सहलीत तिचा विचार क्वचितच करावा लागतो. आपला समुद्र तसा नाही. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाणी बारा-पंधरा फूट चढते आणि तितकेच उतरते. तेव्हा तिकडचा आराखडा जसाच्या तसा इकडे चालणार नाही.

पण इकडचा हिशेब आपल्या घरच्या पंचांगातच आहे. कोकणातले लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता. अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुढे वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजावयाचे. एकदा भरती झाली की सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि ओहोटीनंतर पुन्हा सहा तासांनी भरती. हा हिशेब मिनिटाचा नव्हे, अंदाजाचा. पण दिवस निवडावयास तो पुरेसा आहे. पौर्णिमा आणि अमावास्या या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त ओसरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास आणि पुढचे एक-दोन दिवस चढउतार कमी आणि पाण्याची ओढही कमी; त्याला भांगाची भरती म्हणतात. आपल्यासारख्या नवख्या बायकांनी भांगाचे दिवस धरावेत. चतुर्थी आणि एकादशी ज्यांच्या जिभेवर आहेत त्यांना हे गणित जड नाही.

आता दिवस कोणते? पावसाळ्यात तर जावयाचेच नाही. त्या महिन्यांत या होड्या बंद असतात. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी येते ती अष्टमी, म्हणजे नेमके भांगाचे दिवस. हवा थंड, आकाश निरभ्र, कापूस बहुतेक घरात आलेला, आणि हरभऱ्याची काढणी अजून ऐन भरात आलेली नाही. पंचांगच जणू आपल्या बाजूचे आहे. म्हणून माझा आराखडा असा:

अष्टमीच्या रात्री देवगाव फाट्याहून सेलू, आणि सेलूहून रात्रीची देवगिरी गाडी. नवमीच्या सकाळी मुंबई. तेथून गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर जाऊन मांडव्याची लाँच. सुमारे तासाभराचा प्रवास. समुद्राची पहिली ओळख तेथेच होईल. मांडव्याहून अलिबाग, आणि पुढे चौल, रेवदंडा, काशीद या मार्गाने मुरुड. अलिबागपासून हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. मुक्काम मुरुडला. दशमीची भरती साडेसातच्या सुमारास. न्याहारी करून आठ-साडेआठला राजपुरीच्या धक्क्यावर, तेव्हा पाणी भरलेले आणि वारा मतलई. दुपारपर्यंत परत. एकादशीचा दिवस राखीव. द्वादशीला मुरुड सोडून रात्रीची गाडी, आणि त्रयोदशीच्या सकाळी आपापल्या घरी. एखाद्या वर्षी तिथीची वृद्धी किंवा क्षय असतो, तेवढे पंचांग पाहून पुढेमागे करावे लागेल. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते, म्हणून कार्तिक संपता संपता नावे नक्की झाली पाहिजेत.

एकादशीचा राखीव दिवस पाहून कोणी म्हणेल, एका दिवसाचा मुक्काम उगाच कशाला वाढवावयाचा? भगिनींनो, सगळ्या आराखड्यात हाच दिवस मला सर्वांत मोलाचा वाटतो. दशमीला वारा बिघडला आणि परतीची गाडी त्याच रात्रीची असली, तर काय होते? इतक्या लांबून आलो, पैसे खर्च केले, आता न पाहता कसे जावयाचे, असे सगळ्या म्हणू लागतात. तांडेलाला गळ घातली जाते, दोन पैसे जास्त देऊ केले जातात, आणि ज्या वेळी निघू नये त्या वेळी होडी निघते. एक दिवस हाताशी असला की हा मोह होत नाही. पाऊस न पडता पेरणी करणारा शेतकरी आपण पाहिला आहे. बी जाते, पण पुन्हा पेरता येते. समुद्रावर दुबार पेरणी नाही.

हे मी भिववण्यासाठी सांगत नाही. पण १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची एक वेगवान बोट धडकली आणि बारा-तेराहून अधिक माणसे दगावली. बोटीतल्या पुष्कळांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्याच किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ते होडीत नव्हते, नुसते पाण्यात उतरले होते. तेव्हा आपले नियम मी आधीच सांगते, आणि ते मंडळाच्या वहीत लिहून त्यावर प्रत्येकीची सही घ्यावी असे सुचवते.

पहिला नियम, तांडेल नाही म्हणाला की नाही. त्यावर वाद घालावयाचा नाही, आणि जास्तीचा पैसा तर दाखवावयाचाच नाही. दुसरा, परवान्यात जितकी माणसे सांगितली असतील त्याहून एकही जास्त होडीत बसणार नाही. आपण तिसाच्या घरात आहोत; एका होडीत मावत नसलो तर दोन होड्या करू. तिसरा, पदर कमरेला खोचून वर लाइफ जॅकेट घालावयाचे आणि त्याच्या दोऱ्या बांधूनच धक्का सोडावयाचा. नुसते मांडीवर ठेवलेले जॅकेट बुडत्याच्या उपयोगाचे नाही. चौथा, होडीत उभे राहावयाचे नाही, आणि छायाचित्रासाठी सगळ्यांनी एका बाजूला जमावयाचे नाही. शिडाची होडी मुळातच एका अंगाला कलून चालते, त्यात भर घालू नये. शीड फिरवताना खलाशी ओरडतात, तेव्हा डोके खाली घ्यावयाचे. चढता-उतरताना होडी खालीवर होते. ती वर आली की खलाश्याचा हात धरून पाऊल टाकावे. पाचवा, किनाऱ्यावर कोणीही गुडघ्याच्या वर पाण्यात जाणार नाही.

प्रकृतीचेही थोडे सांगते. होडी लागते म्हणजे मळमळते. रिकाम्या पोटी बसू नये, आणि तुडुंब जेवूनही बसू नये. आल्याचा तुकडा, लिंबू जवळ ठेवावे. होडीच्या मधल्या भागात बसावे, कारण टोकाला हेलकावे जास्त. आणि खाली पायाशी न पाहता लांब क्षितिजाकडे पाहावे. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच नाव द्यावे. दशम्या, चटणी, भाजलेले शेंगदाणे बरोबर असावेत. एकादशी करणाऱ्यांनी राजगिऱ्याचे लाडू घ्यावेत. प्रत्येकीची पाण्याची बाटली भरलेली असावी. किल्ल्यातले तळे पाहावयाचे आहे, त्यातले पाणी प्यावयाचे नाही.

आता पैसा. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे, तेवढा भार हलका झाला. होडीचे भाडे माणशी द्यावयाचे की पुरी होडी ठरवावयाची, हे आधी विचारून घ्यावे. बरोबर किती वेळ थांबणार आणि परतीचे भाडे त्यात धरले आहे का, हे धक्क्यावर चढण्यापूर्वीच ठरवावे. आगाऊ पैसे दिले तर पावती घ्यावी. खर्चाचे चार भाग करून वहीत लिहावे: प्रवास, मुक्काम, होडी आणि राखीव. राखीव भागाला शेवटच्या दिवसापर्यंत हात लावू नये. उरेल ते परत वाटून द्यावे.

आणि ज्यांना वर्गणी झेपणार नाही त्यांचे काय? आपल्या मंडळात रोजाने जाणाऱ्या भगिनी आहेत. काही तर दसरा झाला की ऊसतोडीला जातात त्या उन्हाळ्यातच परततात. रथसप्तमीची सहल ठरवली म्हणजे त्यांना आपोआप वगळले असे होते. त्यांच्यासाठी दुसरी तुकडी चैत्र वद्य अष्टमीच्या सुमारास न्यावी. तिथीचे गणित तेच आहे. मात्र चैत्रात दुपारचा वारा जोरकस असतो आणि ऊनही, म्हणून दशमी सोडून अष्टमी धरावी, सकाळी सहाची भरती साधावी आणि ऊन चढण्याआधी परतावे. त्यांच्या वर्गणीचा निम्मा भाग मंडळाच्या शिलकीतून द्यावा, असा माझा ठराव आहे. पहिल्या तुकडीसाठी शिलकीतून काही घेऊ नये. ज्यांना झेपते त्यांनी आपले आपण करावे.

राहिला तो पहिला आक्षेप, की बायकांना ही हौस कशाला. समुद्र ओलांडणे पाप मानत होते त्या काळात, १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेस गेल्या. आपल्या नौदलाच्या सहा स्त्रिया तारिणी नावाच्या शिडाच्या नौकेतून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परत आल्या. नौकेची लांबी सुमारे सतरा मीटर, कप्तान वर्तिका जोशी. पुढे त्याच तारिणीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात प्रदक्षिणा पुरी केली. त्या शिकलेल्या, कसलेल्या. आपली त्यांच्याशी बरोबरी नाही. पण वाऱ्याचा अंदाज घ्यावा, पाणी मोजून वापरावे, आणि घाई करू नये, हे त्यांनाही चुकले नाही. आपल्या विहिरी, आपले पाऊस आणि आपला संसार यांनी हे आपल्याला केव्हाच शिकवले आहे.

आपल्यातल्या एका वयस्कर बाईंनी मला विचारले, "समुद्राचे पाणी खरेच खारट असते का गं?" त्यांनी येलदरीचे धरण पाहिले आहे, पूर्णेचा पूर पाहिला आहे, पण ज्याचा पलीकडचा काठच दिसत नाही असे पाणी पाहिलेले नाही. पाऊणशे वर्षे संसार, शेत आणि नातवंडे सांभाळणाऱ्या बाईला या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या जिभेने मिळावे, एवढी हौस मला मुळीच जास्त वाटत नाही. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर पहिल्या तुकडीत पहिले नाव त्यांचे असावे.

आराखडा आपल्यापुढे ठेवला आहे. त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात. येत्या मासिक बैठकीत दोन्ही तुकड्यांचा ठराव मताला टाकावा, अशी अध्यक्षबाईंना विनंती करते.